मला उपप्रश्न नाही

“ताई, एवढ्या सकाळी विरोधी पक्षानं मला पोहे खाऊ घालायचे म्हणजे काळजीचीच गोष्ट आहे,” बापूसाहेब घार्गे म्हणाले आणि पोह्यांवर तर्रीची तिसरी पळी ओतली.

“खाऊ मी घालतेय, पैसे तुम्हीच द्यायचे आहेत,” हेमाताई म्हणाल्या. “सत्ता तुमची.”

नागपूरच्या आमदार निवासातलं कँटीन. हिवाळी अधिवेशनाचा दुसरा आठवडा. हेमलता राऊळ आमच्या कोकणातल्या आमदार आणि मी त्यांची पीए. त्याआधी मी गावच्या पतपेढीत खिडकीवर बसत असे. ती नोकरी सुटली, पण खोड सुटली नाही. माणूस समोर आला की मनातल्या मनात त्याचं खातं उघडायचं, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. बापूसाहेबांच्या खात्यात जमा भरपूर होती. चारदा निवडून आलेले, एकदा ऊर्जामंत्री झालेले, शब्दाला पक्के. नावे बाजूला एकच नोंद, पण भारी. सभागृहात उभे राहिले की बसत नसत.

त्या दिवशी आम्हाला ती एकच नोंद नडणार होती. प्रश्नोत्तराच्या यादीत बापूसाहेबांचा प्रश्न सहावा होता आणि आमचा सातवा. प्रश्नोत्तराला तास मिळतो एकच. त्यात पाच-सहा प्रश्न झाले तर डोक्यावरून पाणी. बापूसाहेबांचा प्रश्न आला की सहसा तोच शेवटचा ठरायचा. पुढचे सगळे नुसते छापील उत्तरावर निघायचे.

आमचं छापील उत्तर सकाळीच हातात आलं होतं. प्रश्न असा होता: तळेवाडी येथील महिला काजू प्रक्रिया गटास औद्योगिक वीजजोडणी देण्यासाठी पुरुष जामीनदाराची अट घालण्यात आली आहे, हे खरे आहे काय? असल्यास, ती रद्द करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?

उत्तर: हे खरे आहे. बाब शासनाच्या विचाराधीन आहे. विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही.

“सरकारी विचार म्हणजे खुडूक कोंबडी,” ताई म्हणाल्या होत्या. “एकदा बसली की उठत नाही, आणि खाली अंडी कुणाची ते तिलाही ठाऊक नसतं.”

कोंबडीला उठवायचा मार्ग एकच. मंत्र्यानं सभागृहात उभं राहून तोंडानं ‘करतो’ म्हणायला हवं. तोंडानं म्हटलं की ते आश्वासन होतं, कामकाजात नोंदलं जातं, आणि मग आश्वासन समिती ते पुरं होईपर्यंत खात्याची पाठ सोडत नाही. त्यासाठी प्रश्न सभागृहात पुकारला जायला हवा. आणि तो याच अधिवेशनात, कारण काजूचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतो. ड्रायरला थ्री फेज वीज नसली तर बायकांनी आणखी एक वर्ष कच्ची बी व्यापाऱ्याच्या गाडीत भरायची, आणि त्याच गाडीमागे धूळ खात घरी जायचं.

प्रश्न इथवर आणायलाच वर्षाचा मोठा तुकडा गेला होता. आधी उद्योग विभागाकडे पाठवला. ते म्हणाले, वीज आमच्याकडे नाही. महिला व बालविकासकडे गेला. ते म्हणाले, काजू आमच्याकडे नाही. ऊर्जा विभागानं कळवलं, महिला आमच्याकडे नाहीत. शेवटी ताईंनी उपसचिवांच्या केबिनमध्ये ठाण मांडलं आणि विचारलं, “मग विजेवर काजू भाजणारी बाई राहते कुठल्या खात्यात, तेवढं सांगा. तिला तिथं नेऊन सोडते.” तेव्हा कुठे ऊर्जा विभागानं प्रश्न पदरात घेतला.

आमच्या टेबलावर चौथी व्यक्ती होती ती ही बाई. सत्यवती गवस, गटाच्या प्रमुख. आम्ही सगळे त्यांना काकी म्हणायचो. पाच फुटांच्या आत उंची, नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झालेली. आदल्या दिवशी रेल्वेनं आल्या होत्या. पोह्यांना अजून हात लावला नव्हता.

“या कोण?” बापूसाहेबांनी विचारलं.

“माझा सातवा प्रश्न,” ताई म्हणाल्या.

बापूसाहेब हसले. “असं होय! म्हणजे मी सहाव्याला तोंड आवरायचं, हे पोह्यांचं भाडं. ताई, माझ्या तालुक्यातले कारखाने बंद पडलेत. मी बोलणार नाही तर कोण बोलणार?”

“तुम्ही बोला की. पण आधी यांचं ऐका. काकी, सांगा ह्यांना.”

काकींनी पदर सारखा केला. “माका वीज होयी. ऑफिसातलो साहेब म्हणता, पुरुष जामीन हाड. माझो नवरो वारलो, आता नवरो खयसून हाडू?”

“मग?”

“दीर आसा एक. तेच्या घरची वीज गेल्या साली तोडल्यानी. तारेर आकडो टाकल्यान म्हणान. साहेब म्हणता, तो चलता.”

“कोण चालतो?”

“तोच. आकडेवालो. तो चलता, मी चलणंय नाय.”

बापूसाहेब एवढे मोठ्यांदा हसले की शेजारच्या टेबलावरचे दोन आमदार वळून बघू लागले. काकी हसल्या नाहीत. ताईही नाहीत.

“वैजू,” ताई मला म्हणाल्या, “रूमवरून माझी शाल आण गं. गार लागतंय.”

ताईंना गार लागल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पण गेले. परत आले. बापूसाहेबांचा घास बशीतच होता. मला बघून ते उठले, बिल देऊन चालते झाले. बापूसाहेबांनी बशीत काही टाकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी मनात लिहून टाकलं, सौदा फिसकटला.

“काय म्हणाले?”

“काही नाही म्हणाले,” शाल खुर्चीवर तशीच टाकत ताई म्हणाल्या. “चला, पास काढायचाय काकींचा.”

प्रेक्षक गॅलरीत मी आणि काकी पुढच्या रांगेत बसलो. खाली लाल गालिचा, हिरवी बाकं आणि एकमेकांच्या कानात बोलणारी माणसं. काकींनी सगळं निरखलं आणि विचारलं, “ह्यांतले कामाक लागले काय अजून?” मार्शलनं डोळे वटारले.

पहिले दोन प्रश्न लांबले. तिसऱ्याचे सदस्य गैरहजर. चौथ्यावर एका सदस्यानं मंत्र्याला एवढे धन्यवाद दिले की प्रश्न काय होता ते मंत्रीही विसरले. पाचवा बरा गेला. घड्याळाचा मोठा काटा बाराकडे चढत होता, तेव्हा अध्यक्षांनी बापूसाहेबांचं नाव पुकारलं.

बापूसाहेब उठले. मी गॅलरीचा कठडा धरला.

“अध्यक्ष महोदय, छापील उत्तरानं माझं समाधान झालं आहे,” ते म्हणाले आणि खाली बसले.

अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, “बापूसाहेब, तब्येत बरी आहे ना?” बाकं वाजली. मी मनातली सगळी नावे बाजू खोडून टाकली. पोहे पावले होते!

“श्रीमती राऊळ.”

ताईंनी प्रश्नाचा क्रमांक सांगितला. ऊर्जामंत्री तेरदाळे अर्धवट उठून म्हणाले, “छापल्याप्रमाणे,” आणि बसलेही. हे तेरदाळे बापूसाहेबांच्याच पक्षातले. बापूसाहेबांचं खातं काढून त्यांना दिलं होतं, तेव्हापासून दोघे एकमेकांना फक्त लग्नात नमस्कार करत.

“विचारा, ताई. वेळ थोडा आहे.”

ताईंचा उपप्रश्न मला पाठ होता. आम्ही तो इतक्यांदा घासला होता की त्यातला एक शब्द काढायला जागा नव्हती. ताई उभ्या राहिल्या.

“अध्यक्ष महोदय, मला उपप्रश्न नाही. माझ्याऐवजी सन्माननीय सदस्य श्री. घार्गे यांना संधी द्यावी.”

मी उभी राहिले असेन, कारण मार्शलनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं. “ह्या काय केल्यानी?” मी काकींच्याच भाषेत पुटपुटले. काकींनी माझं मनगट धरलं. “गप रव.”

बापूसाहेब उठले, आणि या वेळी उठले ते नेहमीसारखे, बाकावर हात टेकून.

“अध्यक्ष महोदय, तळेवाडीच्या या गटाच्या प्रमुख विधवा आहेत. वीज कंपनी म्हणते, पुरुष जामीन आणा. घरात पुरुष एकच, दीर. त्या दिरानं तारेवर आकडा टाकला म्हणून याच कंपनीनं त्याची वीज तोडली. तो जामीन म्हणून कंपनीला चालतो. या बाई स्वतः चालत नाहीत. माझा सरळ प्रश्न आहे. मंत्रिमहोदयांचा भरवसा बिल भरणाऱ्या बाईवर आहे, की वीज चोरणाऱ्या गड्यावर?”

दोन्ही बाजूंची बाकं वाजली. तेरदाळे उठेपर्यंत अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून एक चिठ्ठी खाली गेली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि हसले. ते हसू मी पतपेढीत पाहिलं होतं. समोरच्याची जुनी उधारी सापडली की वसुली अधिकारी तसं हसतो.

“सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त सभागृहाच्या माहितीसाठी सांगतो. ही अट घालणारं परिपत्रक माझ्या काळातलं नाही. माझ्या आधीच्या माननीय ऊर्जामंत्र्यांच्या मान्यतेनं ते निघालं. ते आज सभागृहात हजर आहेत. आत्ताच बोलले.”

काय गदारोळ झाला! विरोधकांनी कागद उडवले, सत्ताधाऱ्यांनी तोंडावर रुमाल धरले. “बापू, आकडा कुणी टाकला?” कुणीतरी ओरडलं. म्हणजे ताईंनी या माणसाला त्याच्याच सहीवर नेऊन आपटलं होतं. आता हा माणूस सही राखणार, वर तळेवाडीवर कायमची खुन्नस धरणार.

ताई समोर बघत बसल्या होत्या. बापूसाहेब उभेच होते. गोंगाट ओसरेपर्यंत ते थांबले. एवढा वेळ गप्प उभे राहिलेले त्यांना कुणी पाहिलं नसेल.

“होय, अध्यक्ष महोदय. मान्यता माझी. चूक माझी. कामकाजात तसं नोंदवा.” ते तेरदाळ्यांकडे वळले. “आता उपप्रश्न. मी ती चूक एका सहीनं केली. चार वर्षं ती सांभाळली कुणी? माझे चांगले निर्णय मंत्रिमहोदयांनी पहिल्या महिन्यात रद्द केले. हे एकच तेवढं जपून ठेवलं, ते माझी आठवण म्हणून का?”

अध्यक्षही हसले. तेरदाळ्यांच्या हातातली चिठ्ठी चुरगळली.

“सदर परिपत्रक तपासून योग्य तो निर्णय...”

“मंत्रिमहोदय,” अध्यक्ष म्हणाले, “ज्यांनी काढलं तेच रद्द करा म्हणताहेत. तपासायचं काय उरलं?”

तेरदाळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ त्यांच्या मदतीला यायला अजून थोडा अवकाश होता.

“आजच्या आज रद्द करण्यात येईल.”

“झाला?” काकींनी मला विचारलं.

“झालं.”

“मग चल, काय तरी खावया. सकाळी त्या माणसाचा तोंड बघून माझ्या घशाखाली काय उतरूक नाय.”

“का? काय झालं होतं सकाळी?”

“तू शाल हाडूक गेलंस तेवा ताईन सांगितल्यान तेंका. ह्यो कागद तुमचो, सातव्याक तुमीच इचारा, म्हणान. तो माणूस दगडासारखो बसलो.”

जिन्यावरून मी जवळजवळ धावतच उतरले, काकी मागोमाग. लॉबीत पत्रकारांनी बापूसाहेबांना घेरलं होतं. ताई लांब खांबापाशी एकट्या चहा पीत होत्या.

“मला का नाही सांगितलंत?”

“तुझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं, वैजू. अधिकारी वाचतात.”

“आणि उपप्रश्न? तुमचा प्रश्न होता!”

ताईंनी कप खाली ठेवला. “मी विचारला असता तर तेरदाळ्यांनी हेच उत्तर दिलं असतं. ‘सही घार्ग्यांची.’ विरोधी बाईनं सही काढली म्हटल्यावर घार्गे ती राखायला उभे राहिले असते. मग दोन बाप्यांचं भांडण, आणि वीज मधल्या मधे लोंबकळत. चूक ज्याची त्यानंच मागे घ्यायची, तर त्याला उभं राहायला चांगली जागा द्यावी लागते.”

“आणि ते नाही म्हणाले असते तर?”

“सहाव्याला ते गप बसले, तोच त्यांचा होकार होता. नाहीतर मी विचारला असता. पाठ होता की.”

तेवढ्यात पत्रकारांना मागे टाकून बापूसाहेबच आमच्याकडे आले. ताईंकडे न बघता काकींपुढे उभे राहिले.

“बाई, एक सांगायचं राहिलंय. सकाळी ताईंनी मला सवलत दिली होती. म्हणाल्या, मंत्र्यापुढं गठ्ठे येतात, तुम्ही न वाचता सही केली असेल. मी तेव्हा बोललो नाही. वाचून केली होती. खात्यातल्या एकानं ती अट खोडली होती. मी परत घातली. बिल थकलं तर जप्ती गड्याच्या दारात जावी, बाईच्या दारात नको, म्हणून. मला वाटलं होतं, बायकांसाठी चांगलं काहीतरी करून ठेवतोय.”

काकींनी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं. बापूसाहेब चांगले सहा फूट होते.

“जप्ती आमच्याच दारात येवंदे,” त्या म्हणाल्या. “दार आमचा आसा म्हणान येतली मा?”

बापूसाहेबांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत बापूसाहेब होते. चुकीची जाहीर कबुली देणारा दिलदार नेता, मंत्र्यांना घरचा आहेर, असं बरंच काही. एका बातमीत शेवटच्या ओळीत होतं, ‘अन्य सदस्यांनीही चर्चेत भाग घेतला.’

“अन्य सदस्य म्हणजे मी,” ताईंनी बोट ठेवून दाखवलं.

“हसताय काय! सगळं त्यांच्या नावावर जमा झालं.”

“मीटर कुणाच्या नावावर येणार?”

“काकींच्या.”

“मग झालं तर.”

झालं, असं मला नाही वाटलं, आणि पुढे मी बरोबरही ठरले. पुढच्या निवडणुकीत समोरच्या उमेदवारानं गावोगाव पत्रक वाटलं, की बाईंनी स्वतःच्या प्रश्नावर विधानसभेत एकही उपप्रश्न विचारला नाही, कामकाजात तशी नोंद आहे. नोंद होतीच. मी खुलासा लिहून दिला तर ताईंनी तो फाडला. “पोह्यांवरचं आमचं बोलणं पत्रकात छापू? तो माणूस विश्वासाला जागला, मी नको?” त्या थोडक्यात पडल्या, आणि पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. हेही आता जुनं झालं.

पण मला सांगायचंय ते मार्चमधलं. तळेवाडीच्या शेडपुढे मंडप घातला होता. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे अर्थात बापूसाहेब. ताईंनीच बोलावलं होतं. थ्री फेजची जोडणी दोन दिवसांपूर्वी झाली होती, मीटरवर ‘श्रीमती सत्यवती गवस’ लिहिलेलं होतं, आणि ते बघायला शेजारच्या वाड्यांतल्या बायका देवळात याव्यात तशा रांग लावून येत होत्या.

फीत कापली, नारळ फुटला, बापूसाहेबांनी माइक हातात घेतला. महिलांचं सबलीकरण, कोकणचा विकास, मग काजूचा इतिहास. पोर्तुगीज आले. ते अजून गोव्यातून निघाले नव्हते, तेव्हा काकी माझ्या शेजारून उठल्या.

शेडमध्ये सकाळी कापलेले गर ट्रेमध्ये पसरून ठेवले होते. उकडून कापलेला गर ओला असतो. त्याच दिवशी ड्रायरमध्ये गेला नाही तर त्याला बुरशी धरते, पाहुणे कुठूनही आलेले असोत. काकींनी एक गर दाबून पाहिला, दारातून मंडपाकडे पाहिलं, परत गर दाबून पाहिला. मग सरळ भिंतीकडे गेल्या आणि खटका खाली ओढला.

ब्लोअर असा घोंघावला की मंडपाचं कापड थरथरलं. बापूसाहेबांचे ओठ हलत राहिले, शब्द एकही येईना. पहिल्या रांगेतले सरपंच उठून “बंद करा, बंद करा” असे हात करू लागले. त्यांचाही आवाज कुणाला आला नाही. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. ताई तोवर शेडमध्ये शिरून, पदर खोचून, ट्रे सरकवायला लागल्या होत्या.

बापूसाहेबांनी माइककडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. माइक खुर्चीवर ठेवला आणि गळ्यातल्या हारासकट शेडमध्ये आले. काकींना काहीतरी विचारलं. काकींना ते ऐकू आलं नाही, आणि ऐकायला त्यांना वेळही नव्हता. त्यांनी ओल्या गरांचा एक भरलेला ट्रे उचलला आणि माजी ऊर्जामंत्र्यांच्या हातात दिला.

“धरा,” हा शब्द मात्र मला त्यांच्या ओठांवरून स्वच्छ वाचता आला.